साखळीवरचं नाव पुसायचं कसं?

प्रश्न : आम्ही विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर ठेवतो. एका मुलीने तिची माहिती काढून टाकायला सांगितलंय. तिथलं तर खोडता येत नाही!

उत्तर : डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ चं कलम १२ माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं. ते लागू व्हायला मे २०२७ उजाडेल, पण ‘आमचं तंत्रज्ञानच तसं आहे’ ही सबब त्यात नाही. म्हणून नाव, जन्मतारीख, गुण साध्या डेटाबेसमध्ये ठेवा. साखळीवर फक्त हॅश, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेला ठसा. तोही नुसता नको, कारण नाव-जन्मतारखेचे अंदाज लावून तो जुळवता येतो. प्रत्येक नोंदीला वेगळी गुप्त संख्या जोडून मगच हॅश काढा. मागणी आली की मूळ नोंद आणि ती संख्या, दोन्ही नष्ट करा. बॅकअपमधूनसुद्धा (हे हमखास राहतं). नावच सार्वजनिक साखळीवर चढवलं असेल, तर मात्र आधी वकील गाठा.