आपले काम आपण : पहिल्या इयत्तेतील बालकांचे स्वावलंबन

जून महिन्यात शाळा उघडतात. पहिल्या इयत्तेत नव्याने दाखल झालेले एखादे मूल बस्करपट्टीच्या टोकाशी मान खाली घालून बसलेले असते. नाव विचारले तर उत्तर देत नाही. तहान लागली तरी माठाकडे जात नाही. लघवीस जावयाचे असले तरी विचारण्याचे धैर्य होत नाही, आणि अखेर बसल्या जागी कपडे ओले होतात. वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी ते मूल घरून निघताना रडते. तिसऱ्या दिवशी येतच नाही. हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण तेवढी होते. तिचे कारण कोठेही लिहिले जात नाही.

हेच मूल घरी कसे वागते हे पाहिले असता आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. धाकट्या भावंडास ते कडेवर घेऊन खेळवते. शेळीपुढे पाला टाकते. दिवेलागणीस कोंबड्या खुराड्यात कोंडते. दुकानातून मीठ, चहापूड आणून उरलेले पैसे आईच्या हाती देते. घरी असे कर्ते असलेले मूल शाळेच्या पायरीशी येताच भित्रे व परावलंबी कसे होते, हा प्रत्येक शिक्षकाने विचार करण्यासारखा प्रश्न आहे. घरी त्याच्या हाती काम असते. शाळेत त्याच्या वाट्यास बहुधा आज्ञाच येतात. बस, ऊठ, गप्प राहा, लिही. यास्तव पहिल्या काही आठवड्यांत अक्षरओळखीच्या बरोबरीने शाळेने एक गोष्ट अवश्य करावी. बालकास स्वतः पार पाडता येईल असे लहानसे खरे काम त्याच्या हाती द्यावे व ते त्यास पुरे करू द्यावे. आत्मविश्वासाचे मूळ तेथे आहे.

(१) आत्मविश्वास कशाने येतो?

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांनी नोंदविलेले दोन प्रसंग ग्रामीण शिक्षकासही उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग असा. पाण्याच्या पसरट भांड्यात काही खेळणी तरंगत होती व मुलांनी त्याभोवती गर्दी केली होती. सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलास मागून काही दिसेना. गर्दीत शिरण्याचा त्याने प्रयत्न केला; तो साधला नाही. मग त्याने इकडेतिकडे पाहिले. एक लहान खुर्ची दिसताच त्याचा चेहरा उजळला. ती मागे ठेवून तीवर चढण्याचा त्याचा विचार स्पष्ट दिसत होता. इतक्यात शिक्षिकेने कीव येऊन त्यास उचलले व खेळणी दाखविली. खेळणी दिसली खरी. परंतु स्वतः शोधलेल्या उपायाने अडचण ओलांडण्याचा आनंद त्या मुलास मिळाला नाही. शिक्षिकेची दया खोटी नव्हती. ती एक क्षण लवकर आली, इतकेच.

दुसरा प्रसंग नाक शिंकरण्याच्या पाठाचा आहे. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे स्वच्छ करावे, हे माँटेसरीबाईंनी मुलांस शांतपणे करून दाखविले. मुले हसतील असे वाटले होते. त्यांनी टाळ्या वाजविल्या. वाहत्या नाकाबद्दल या मुलांनी आजवर बोलणी खाल्ली होती. ते स्वच्छ कसे करावे हे त्यांस मानाने कोणी शिकविले नव्हते.

पुढे १९७७ साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी आत्मक्षमतेची उपपत्ती मांडली. ‘हे मला जमेल’ ही जाणीव चार मार्गांनी येते, असे ते म्हणतात : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्यास ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची मनाची व शरीराची अवस्था. या चौहोंत पहिला मार्ग सर्वांत प्रभावी होय. शिक्षक ‘शाबास’ म्हणतो तो तिसरा मार्ग आहे. तो उपयोगी आहे, परंतु पहिल्यावाचून तो फार काळ टिकत नाही.

(२) आपल्या मातीतील प्रयोग

परदेशातील महागडे साहित्य असल्यावाचून हे शिक्षण साधत नाही, असा कोणाचा समज असल्यास तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याने दूर व्हावा. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली बालकांसाठी शिंपले, बिया, खडे, पाने हेच शैक्षणिक साहित्य झाले. जी मुले बालवाडीत येऊ शकत नव्हती त्यांच्या अंगणात शिक्षण नेण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला.

या कार्याचे मर्म असे की, बालकाच्या घरच्या जगास कमी न लेखता शिक्षण तेथूनच सुरू केले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानेही तीन ते आठ वर्षांचा वयोगट हा एक पायाभूत स्तर मानला आहे. पहिली व दुसरीचे वर्ग त्यातच येतात. अर्थात अंगणवाडीत जे सुरू झाले ते पहिलीच्या दाराशी तुटता कामा नये.

(३) नमुन्याचा पाठ : स्वतः पाणी घेणे

साहित्य : झाकण असलेला माठ अथवा पिंप, लांब दांड्याचे ओगराळे, लहान पेले, पाणी पुसण्यासाठी एक फडके. माठ मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावा. ओगराळे लहान असावे. मोठे भरलेले ओगराळे सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटास पेलत नाही.

क्रम : (अ) शिक्षकाने पाच-सहा मुलांस जवळ बसवून सर्व क्रिया सावकाश करून दाखवावी. झाकण काढून उलटे ठेवावे. ओगराळे दांड्याने धरावे, बोटे पाण्यास लागू देऊ नयेत. पेला अर्धाच भरावा. पाणी प्यावे. ओगराळे खुंटीस टांगावे, झाकण लावावे. करून दाखविताना बोलू नये. मुलांचे लक्ष एका वेळी हाताकडे अथवा शब्दांकडे राहते. (आ) त्यानंतर एका मुलाने तसे करावे, इतरांनी पाहावे. (इ) चूक झाल्यास मध्येच टोकू नये. झाकण लावावयाचे राहिल्यास दुसऱ्या दिवशी शिक्षकाने ती पायरी पुन्हा करून दाखवावी. (ई) पाणी सांडल्यास मुलाने फडके घेऊन पुसावे. यात शिक्षेचा भाव नसावा. सांडणे व पुसणे ही दोन्ही कामाचीच अंगे आहेत.

पहिल्या आठवड्यात यास वेळ लागेल व पाणीही सांडेल. परंतु पुढे वर्षभर ‘बाई, पाणी’ ही हाक ऐकू येणार नाही. द्विशिक्षकी शाळेत, जेथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे हा लाभ लहान नव्हे.

(४) दिवसभरातील इतर संधी

लघवीस जाणे : दाराजवळ खुंटीस एक लाकडी पट्टी टांगावी. ज्यास जावयाचे असेल त्याने ती घेऊन जावे व परत आल्यावर टांगावी. परवानगी मागण्याचे भय नाहीसे होते, आणि बाहेर कोण आहे हे शिक्षकास पट्टीवरून कळते. शौचालय कोठे आहे, कडी कशी लावावी व कशी काढावी, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकास प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.

गुंड्या व नाड्या : लाकडी चौकटीवर जुन्या सदऱ्याचे दोन पदर ताणून बसवावेत. मोठ्या गुंड्या व सैल काजे असल्यास सराव सोपा होतो. अंगातील सदऱ्याची सर्वांत खालची गुंडी मुलास दिसते, म्हणून आरंभ तेथून करावा. अवघड वाटणाऱ्या कामात आरंभीच्या पायऱ्या शिक्षकाने कराव्यात व अखेरची मुलाकडे ठेवावी; पुढे अखेरच्या दोन, मग तीन. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम पुरे होते ते मुलाच्याच हाताने.

निरोप पोचविणे : ‘तिसरीच्या गुरुजींकडून खडू आण’ एवढाच निरोप असावा. लाजाळू मुलाबरोबर आरंभी एक सोबती द्यावा, पुढे त्यास एकट्याने पाठवावे. निरोप त्याने अहिराणीत, वारलीत अथवा गोंडीत सांगितला तरी तो स्वीकारावा. ज्याच्या भाषेस वर्गात जागा नाही, त्याचे तोंड वर्गात उघडत नाही.

पोषण आहाराची वेळ : हात साबणाने धुणे, आपले ताट आणणे, ओळीत बसणे, पाणी वाढणे, ताट धुऊन ठेवणे ही कामे मुलांची. गरम भांडी व चूल यांजवळ मात्र त्यांस जाऊ देऊ नये.

हजेरी : पुठ्ठ्याच्या चकतीवर मुलाचे नाव व एक चित्र काढावे. शाळेत येताच मुलाने आपली चकती शोधून फलकावर लावावी. स्वतःचे नाव हाच अशा रीतीने त्याचा पहिला वाचनपाठ होतो, आणि ‘आज मी आलो आहे’ हे सांगण्याचा मानही त्यास मिळतो.

(५) शिक्षकाने हात केव्हा आवरावा?

मूल अडले की मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. तेथे क्षणभर थांबावे. मूल अजून प्रयत्न करीत आहे काय, हे पाहावे. करीत असल्यास जवळ असावे, हात लावू नये. ते रडकुंडीस आले असल्यास अडलेली एकच पायरी करून द्यावी व बाजूस व्हावे. काम मोडकेतोडके झाले तरी मुलादेखत ते पुन्हा नीट करू नये. मुलाने घातलेली घडी शिक्षकाने उलगडून पुन्हा घातली, तर शंभर वेळा केलेले कौतुकही त्यापुढे फिके पडते.

कौतुक करावयाचे ते कामाचे करावे. ‘तू फार हुशार’ याने मुलास काय साधले ते कळत नाही. ‘पेला माझ्यापर्यंत आणलास, थेंबही सांडला नाही’ याने कळते.

(६) सावधगिरी

स्वावलंबनाच्या नावाखाली अन्याय घडू नये. केर काढणे मुलींकडे व निरोप नेणे मुलांकडे, अशी वाटणी होता कामा नये. विशिष्ट जातीच्या मुलास झाडू व दुसऱ्यास घंटा देणे हा तर अपराध होय. कामे पाळीने, यादीप्रमाणे द्यावीत व यादी भिंतीवर लावावी. त्या यादीत दिव्यांग बालकाचे नाव असलेच पाहिजे. काम त्याच्या शक्तीप्रमाणे निवडावे. शिक्षकाची खाजगी कामे मुलांकडून करवून घेणे हे शिक्षण नव्हे.

काम कधीही शिक्षा म्हणून देऊ नये. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मनाई आहे. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, आज शिक्षा म्हणून केर काढावयास लावलेले मूल उद्या केर काढणे हा मान समजणार नाही.

(७) पालकांशी बोलणे

‘आम्ही पोर शाळेत शिकावयास पाठवितो, भांडी धुवावयास नव्हे’, असे एखादे पालक म्हणतील. त्यांचा रोख समजून घ्यावा. ज्यांनी जन्मभर कष्ट उपसले त्यांस आपल्या मुलाने पाटीपुस्तकच हाती धरावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांस वर्गात बोलावून मूल स्वतः पाणी घेताना, चकती शोधताना, निरोप सांगताना दाखवावे. घरी मूल जे काम करते त्याची चौकशी करावी व वर्गात त्याचा उल्लेख मानाने करावा. ‘ही दररोज शेळीचे दूध काढते’ असे शिक्षकाने चारचौघांत म्हटले, म्हणजे तिची मान वर होते व तोंडही उघडते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारार्थ प्रश्न :

१. आपल्या शाळेतील माठ, खुंट्या, कड्या व फळा यांपैकी काय काय पहिलीच्या मुलाच्या हाताला येते? जे येत नाही ते खाली आणावयास काय करावे लागेल?

२. पहिलीच्या वर्गाची कामांची पाळी तयार करा. तीत मुलगे व मुली यांस सर्व कामे सारखी मिळतात काय, हे तपासा.

३. गेल्या आठवड्यात एखाद्या मुलास आपण घाईने मदत केली असल्यास, एक क्षण थांबलो असतो तर काय झाले असते, याची चर्चा करा.

४. आपल्या वर्गातील जे मूल सर्वांत कमी बोलते, ते घरी कोणकोणती कामे करते? उत्तर माहीत नसल्यास पुढील परिषदेपूर्वी त्याच्या घरी जाऊन यावे.