संयुक्त ठेव आणि सहीपूर्वीचे संभाषण

मुदत ठेवीच्या अर्जावर पती सही करतो; पत्नी "कोठे करायची?" एवढेच विचारून त्याखाली सही करते आणि अर्ज खिडकीतून आत येतो. शाखेत काम करणाऱ्यांना हे दृश्य नित्याचे आहे. ठेव दोघांच्या नावे झाली म्हणजे हवी तेव्हा दोघांच्याही हाती आली, असा उभयतांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

ठेव कोणाच्या सहीने मिळावयाची, हे अर्जावरील एका ओळीने ठरते. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असे लिहिले असल्यास मुदतीनंतरची रक्कम पहिल्या खातेदाराच्या हयातीत त्याच्याच सहीने मिळते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असल्यास दोघांपैकी कोणीही एक ती घेऊ शकतो. परंतु मुदतीपूर्वी ठेव मोडावयाची झाल्यास? येथे पुष्कळ ग्राहक चकतात. वेगळी सूचना दिलेली नसल्यास दोन्ही प्रकारांत उभयतांच्या सह्या लागू शकतात.

समजा, पती अतिदक्षता विभागात बेशुद्ध आहे. ठेव ३ लाखांची, मुदत संपावयास १४ महिने. पावतीवर पत्नीचे नाव असूनही तिच्या एकटीच्या सहीने ठेव मोडता येत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल, तर साक्षीदारांसमक्ष अंगठा घेण्याची सोय आहे. बेशुद्धाची संमती कोण देणार? नामनिर्देशनही येथे निरुपयोगी, कारण ते मृत्यूनंतरचे. मृत्यूचा विचार आपण विम्याच्या निमित्ताने तरी करतो; माणूस हयात आहे पण सही करू शकत नाही, या अवस्थेविषयी मात्र घरात कोणी बोलत नाही.

उपाय आहे. एकाच्याच सहीने मुदतपूर्व रक्कम द्यावी, अशी संयुक्त लेखी सूचना बँक स्वीकारू शकते. ती ठेव ठेवताना किंवा नंतरही, दोघांच्या सह्यांनी देता येते.

मात्र याच सूचनेने दोघांपैकी कोणीही दुसऱ्यास न विचारता ठेव मोडू शकतो. खरे संभाषण येथे सुरू होते आणि तेच टाळले जाते. विचारणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत. (प्रस्तुत लेखकाच्या घरीही हा विषय बऱ्याच वर्षांनी निघाला.) सर्वच ठेवींना ही सूचना द्यावी, असे आमचे मत नाही. आजारपणासाठी राखलेली एक ठेव एकाच्या सहीने मोडता यावी. मुलीच्या शिक्षणाची किंवा घराची रक्कम दोन सह्यांखालीच राहू द्यावी. कोणती ठेव कोठे, हे अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळी घरीच ठरवावे.