मार खाल्लेलं मूल कुणाला सांगतं?

आई-बाबांनो,

ऑगस्ट २०२४ पासून आपल्या या पट्ट्यात, बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत, अंबरनाथच्या चाळींत, उल्हासनगरच्या कॅम्पांत, एकच प्रश्न घरोघर आहे : लेकराला अत्याचार करणाऱ्या माणसापासून वाचवायचं कसं? त्या महिन्यात बदलापूरच्या एका शाळेच्या आवारातच चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवण्यासाठी त्यांच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. २० ऑगस्टला माणसं बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरली आणि दिवसभर लोकल थांबल्या. २३ सप्टेंबरला या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही.

पण आणखी एक प्रश्न आहे. पालकसभेत तो कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर, चपला घालता घालता, एखादी आई हळूच विचारते : अशी माणसं तयार कुठे होतात हो? लहानपणी त्यांनाही कुणीतरी छळलेलं असतं म्हणतात, ते खरं का? आणि मग नजर चुकवत : मी माझ्या मुलाला मारते. त्याचं पुढे काय होईल? हे हितगुज मुख्यतः या शेवटच्या प्रश्नासाठी आहे.

आधी ‘अशी माणसं कुठे तयार होतात’ हे अगदी टोकाच्या उदाहरणांत बघू. आपल्याकडे एकामागून एक खून करणाऱ्यांची गोष्ट निघाली की कोल्हापूरचा गावित खटला आठवतो. अंजनाबाई गावितला एका पुरुषाने टाकलं, मग दुसऱ्यानेही सोडलं. ती चोऱ्यांकडे वळली. रेणुका आणि सीमा या तिच्या मुली मोठ्या होत गेल्या तशा जत्रांत, देवळांत, गर्दीच्या जागी आईबरोबर पाकिटं आणि दागिने मारू लागल्या. १९९० ते १९९६ या काळात या तिघींनी गोरगरिबांची लहान लहान मुलं पळवली. कडेवर बाळ असलं की बाईवर कुणी संशय घेत नाही, आणि चोरी करताना सापडलीच तर लोक बाळाकडे बघून सोडून देतात, एवढ्यासाठी. मूल रडायला लागलं, नकोसं झालं, की त्याला मारून टाकायचं. १९९६ साली त्या पकडल्या गेल्या. आई १९९७ मध्ये कोठडीतच वारली. बहिणींना २००१ साली फाशीची शिक्षा झाली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेचा अर्ज वर्षानुवर्षं रखडला म्हणून २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली.

मला या खटल्यात सगळ्यात जास्त छळते ती एक गोष्ट. मूल म्हणजे वापरायची वस्तू, हे या मुली बाहेर कुठे शिकल्या नव्हत्या. त्यांचं स्वतःचं बालपण त्यांच्या आईने तसंच वापरलं होतं. पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांना तसंच वापरलं आणि वापरून फेकलं. यामुळे त्यांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. निवड त्यांनी केली. पण आईच्या हाताखाली जे रोज घडतं ते मुलाला जगाची रीत वाटू लागतं, ही गोष्ट त्या खटल्याइतकी उघडी क्वचितच दिसते.

परदेशातही हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेत एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी तुरुंगांत जाऊन ३६ खुन्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, त्यांचा अभ्यास १९८८ साली पुस्तकरूपाने आला. त्यांतल्या दहापैकी साधारण चौघांनी लहानपणी मारहाण सोसली होती, जवळपास तितक्यांनीच लैंगिक अत्याचार. आणि मानसिक छळ, म्हणजे सतत हिणवलं जाणं, धमकावणं, झिडकारणं, हा जवळपास तीन-चतुर्थांश जणांच्या वाट्याला आला होता. हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. मारापेक्षा अपमान जास्त घरांत होता.

म्हणजे सगळ्याचं मूळ बालपणातच असतं का? नाही. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांना ठार मारणारा रामन राघव घ्या. त्याला तीव्र मनोविकार होता, डॉक्टरांनी तो बरा न होणारा ठरवला, आणि १९८७ साली उच्च न्यायालयाने त्याची फाशी त्याच कारणाने रद्द केली. काहींचा मेंदूच आजारी असतो, काहींच्या बालपणात बोट ठेवायला जागाच सापडत नाही.

आता ज्या आईने चपला घालताना विचारलं, तिच्यासाठी. कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकन संशोधिकेने छळ किंवा हेळसांड झाल्याचं न्यायालयात नोंदलं गेलेली ९०८ मुलं घेतली आणि तशाच वयाची, तशाच वस्तीतली पण तशी नोंद नसलेली ६६७ मुलं. ती मोठी होताना पोलिसांच्या नोंदी तपासल्या. १९८९ साली तिने निष्कर्ष मांडला : छळ झालेल्यांपैकी शंभरातल्या २६ जणांना किशोरवयात अटक झाली, दुसऱ्या गटात शंभरातल्या १७ जणांना. फरक खरा आहे, आणि तो लहान नाही. पण उरलेली ७४ मुलंही बघा. त्यांनाही मार बसला होता, त्यांचीही आबाळ झाली होती, तरी किशोरवयात त्या वाटेला ती गेली नाहीत. आणि ही अटकही बहुतेक साध्या गुन्ह्यांसाठीची. खुनापर्यंत पोचणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा ज्या मुलाने सोसलं आहे त्याच्याकडे उद्याचा गुन्हेगार म्हणून बघणं हा त्याच्यावरचा दुसरा अत्याचार होईल. शेजारणी कुजबुजतात ना, ‘बाप असा, पोरगा कसा निघणार?’ ते बंद करा.

हे ७४ कसे वाचतात, याचं उत्तर शोधायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत १९४७ नंतर सिंधमधून सुमारे लाखभर माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून वाढलेल्या मुलांनी काय काय पाहिलं होतं! घर गेलं, गाव गेलं, बाप खचलेला, आई दागिने विकणारी. त्या पिढीला कुणी समुपदेशक भेटला नाही. तरी त्याच मुलांनी लोकलमध्ये गोळ्या-पापड विकले, दुकानं टाकली, शाळा-कॉलेजं काढली, एक अख्खं शहर उभं केलं. सगळ्यांचंच सुखाचं झालं असं मी म्हणत नाही; दुःख दारूत आणि रागात मुरलेली घरंही तिथे होती आणि आहेत. पण बहुतेकांना एक गोष्ट मिळाली. पडद्यापलीकडे ओळखीची माणसं होती. आजी होती, दरबारात म्हणजे सिंधी देवस्थानात लंगर होता, मास्तर होते. आपल्यावर आलेलं संकट सगळ्यांवर आलेलं आहे, त्यात आपली चूक नाही, हे मुलाला कळत होतं. जे छळलेलं मूल एकटं असतं, त्याला नेमकं हेच कळत नाही. त्याला वाटतं, मीच वाईट आहे म्हणून माझ्या वाट्याला हे आलं.

अभ्यासही तेच सांगतो. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेली सगळी मुलं, ६९८, दशकानुदशकं पाहिली. दारिद्र्य, दारुडे आईबाप, भांडणं अशा घरांत वाढूनही साधारण तिसरा हिस्सा मुलं धडधाकट मनाची, कामसू, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट अशी की प्रत्येकाला निदान एक तरी मोठं माणूस पक्कं होतं. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही.

आता आपल्या घरात येऊ. बदलापूरहून सीएसएमटीला जायला दीड तास लागतो. पहाटे डबा भरून निघालेले आई-बाप रात्री आठ-नऊला परततात. मधल्या वेळात मूल पाळणाघरात, शाळेत, क्लासमध्ये, व्हॅनवाल्या काकांबरोबर, शेजाऱ्यांकडे. ही आपली मजबुरी आहे, गुन्हा नाही, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला बोल लावला तर ऐकून घेऊ नका. पण रात्री घरात पाय ठेवल्यावरचं पहिलं वाक्य काय असतं? ‘गृहपाठ झाला का?’ मग वही. मग चूक. मग आवाज. मग हात. ‘तुझ्यापेक्षा दगड जन्माला आला असता तर धुणं तरी धुता आलं असतं.’ ‘बघ तो समोरचा.’ ‘बाबांना येऊ दे, मग बघ.’ शेवटचं वाक्य तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्याने बापाचं घरी येणं हीच शिक्षा होते.

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्र धरून १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. तीनपैकी दोन मुलांना मार बसत होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आई-वडिलांकडूनच बसत होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. तो सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले.

मुलग्यांबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. बदलापूरनंतर आपण मुलींना चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवला, शाळांनी शिकवला, चांगलं झालं. पण घरात मुलगाही आहे. त्याला कुणी काही केलं तर तो कुणाला सांगणार? त्याला आपण सांगून ठेवलंय, मुलगा असून रडतोस? मुंबई उच्च न्यायालयाने बदलापूरच्याच प्रकरणात मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज बोलून दाखवली, ती दोन्ही अर्थांनी खरी आहे. त्याने कुणाला दुखवू नये म्हणून, आणि त्याला कुणी दुखवलं तर त्याने बोलावं म्हणून. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे. ज्या मुलाला रडण्याची परवानगी नसते त्याला रागाची मात्र असते. दुःख, भीती, लाज, सगळं तो रागातूनच बाहेर काढतो. माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी गाठ इथे आहे.

मुलाने काही सांगितलं तर काय करायचं? हातातलं काम बाजूला ठेवा. ‘तू सांगितलंस, बरं केलंस. तुझी चूक नाही. मी आहे.’ एवढंच. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा. खोदून खोदून, चारचौघांसमोर, पुन्हा पुन्हा विचारू नका. काका, मामा, पाहुणे कुणीही असोत, ‘पापी दे बघू’ म्हणून मुलाला ढकलू नका. त्याचं नाही म्हणणं घरातच मोडलं तर बाहेर ते उभं राहणार कसं? लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, शाळेवरही आणि तुमच्यावरही. पोलीस तक्रार घेत नसतील तर तोही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे ठाऊक असलेला पालक ठाण्यात वेगळ्या आवाजात बोलतो.

आणि हात उठलाच, तर? रात्री त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘मी मारलं ते चुकलं. तू चूक केलीस तरी तुला मारायला नको होतं.’ यामुळे धाक जाईल असं आजोबा म्हणतील. म्हणू द्या. चूक कबूल करणारा मोठा माणूस बघायला मिळणं हीसुद्धा मुलाची गरज आहे. शाळेत मारणं तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदच केलं आहे. घरात आपण ते चालू ठेवायचं कशासाठी?

काही पालकांची वेगळी काळजी असते : मूल कुत्र्याच्या पिल्लाला चटके देतं, लहान भावाचा गळा आवळतं, काडेपेटी घेऊन काहीबाही पेटवतं. १९६३ साली मॅकडोनल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने प्राण्यांचा छळ, आगी लावणं आणि लहानपणी बराच काळ अंथरूण ओलं करत राहणं या तिन्हींचा पुढच्या हिंसेशी संबंध सुचवला. तेव्हापासून ही तिकडी मोबाईलवर भीतीसारखी फिरते. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. अंथरूण ओलं करणारं मूल गुन्हेगार होत नसतं. सुटलेली सवय अचानक परत आली असेल तर ते मूल बहुधा कशाला तरी घाबरलेलं असतं, आणि त्याला मारणं म्हणजे भीतीत भर. प्राण्यांना जाणूनबुजून यातना देणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अशा मुलाला राक्षस म्हणू नका, त्याच्या वाट्याला काय येतं आहे ते आधी शोधा, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लाज वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८. तो १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला, आज देशभर चालतो, आणि मूल स्वतः फोन करू शकतं. तुमच्या मोबाईल नंबरासोबत तोही मुलाला पाठ करून द्या. घरातल्या कुणाबद्दलही, अगदी आई-बाबांबद्दलसुद्धा, तिथे बोलता येतं, हे त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या.