पाच आले, आता कॅल्क टूचं काय?

चि. ईशान,

एपी कॅल्क्युलस बीसीत 5 आल्याचं दादाने फोनवर सांगितलं. मनापासून अभिनंदन! त्याच फोनवर घरातला वादही कळला. दादाच्या मते कॅल्क वन आणि टू दोन्ही सोडून तू थेट कॅल्क थ्रीला बसावंस. वहिनी म्हणते, वनपासूनच सुरू कर, सोपा ए पदरात पडेल. दोघांनी मिळून मला पंच नेमलंय. पण वर्गात बसायचंय तुला, म्हणून तुलाच लिहिते.

वहिनीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. कॅल्क वन पुन्हा घेऊ नकोस. बीसीत 5 मिळवलेली मुलं त्या वर्गात मागच्या बाकावर मोबाइल बघत बसतात आणि गृहपाठ बसमध्ये उरकतात. अभ्यास न करण्याची सवय लागते तीही नेमकी कॉलेजच्या पहिल्या सत्रात. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत तोच कोर्स पुन्हा घेतला की एपीचं क्रेडिट हातचं जातं.

दादाचा हिशेब पैशांचा आहे. तो चूक नाही, पण अर्धाच आहे. अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याला 12 क्रेडिटपासून एका मर्यादेपर्यंत एकच फी असते. एक कोर्स कमी घेतला म्हणून बिल उतरत नाही. अख्खं एक सत्र आधी पदवी हातात पडली, तरच पैसे वाचतात. आणि इंजिनिअरिंगमध्ये एकामागून एक कोर्स अशी साखळी असते की गणितात पुढे गेलास तरी बाकीच्या विषयांची रांग तुझ्यासाठी हलत नाही. तुझ्या कॉलेजात काय आहे ते दादाला फीच्या पानावर बघायला सांग.

म्हणजे खरा प्रश्न एकच उरतो, कॅल्क टू.

त्याचं उत्तर त्या 5 मध्ये नाही. बीसीच्या पेपरात 45 बहुपर्यायी प्रश्न आणि 6 लिहायचे. 5 मिळायला पैकीच्या पैकी लागत नाहीत, साधारण दोन तृतीयांश गुणांवर तो मिळत आलाय. 2024 साली बीसीला बसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त मुलांना 5 होते. तुझे गुण गेले असतील तर ते कुठे गेले, हे तो आकडा सांगत नाही. कॉलेजांचंही त्यावर एकमत नाही. एमआयटी बीसीतल्या 5 ला आपल्या 18.01 या पहिल्या कोर्सचं क्रेडिट देते, तर कॅलटेक एपीच्या गुणांवर क्रेडिटच देत नाही.

मी कॅल्क थ्री शिकवते, तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गाला एक कागद देते. त्यात एक गणित हमखास असतं: 1 भागिले एक्सचा वर्ग, उणे 1 पासून 1 पर्यंत इंटिग्रेट करा. चांगली, हुशार मुलं अँटिडेरिव्हेटिव्ह काढतात, दोन टोकं घालतात आणि झरझर उत्तर लिहितात, उणे 2. जे फंक्शन सगळीकडे धन आहे, त्याचं क्षेत्रफळ ऋण कसं येईल, असं एकालाही वाटत नाही. शून्यापाशी ते फंक्शन वर सुटतं, म्हणजे हे इंटिग्रल इम्प्रॉपर आहे आणि त्याला उत्तरच नाही. हे त्यांना शाळेत शिकवलेलं असतं. पण पेपरात इम्प्रॉपरचा प्रश्न बहुधा इम्प्रॉपरचा म्हणूनच समोर येतो. माझ्या कागदावर तशी पाटी नसते.

दुसऱ्या आठवड्यात पॅराबोलाच्या कमानीची लांबी काढायची वेळ येते. इंटिग्रलमध्ये वर्गमूळ, आणि त्यात 1 अधिक 4 टीचा वर्ग. इथे ट्रिग सबस्टिट्यूशन लागतं, आणि ते बीसीच्या अभ्यासक्रमात नाही. तुमच्या शिक्षकांनी वेळ काढून शिकवलं असेल तर तुझं नशीब. नसेल तर तो एक भाग शनिवार-रविवारात शिकून होतो, त्यासाठी अख्खा कोर्स घ्यायची गरज नाही. इन्फिनिट सिरीज मात्र कच्ची असेल, तर ती एका शनिवार-रविवारात पक्की होत नाही. कुठली टेस्ट लावायची हे पाठ असणं आणि ती टेस्ट का चालते हे सांगता येणं, यात फार अंतर आहे.

तेव्हा असं कर. तुझ्या कॉलेजच्या गणित विभागाकडे कॅल्क टूचा गेल्या वर्षीचा फायनल पेपर मिळतो का बघ, बरेच विभाग जुने पेपर वेबसाइटवरच ठेवतात. उजळणी न करता, कॅल्क्युलेटर दूर ठेवून, घड्याळ लावून सोडव. मेमधल्या परीक्षेनंतर तू गणिताला हात लावलेला नाहीस, हे मी गृहीत धरते. म्हणूनच हा पेपर खरं बोलेल. 80 टक्क्यांच्या आसपास आलास तर बेधडक थ्री घे, मागे वळून बघू नकोस. निम्मेच आले तर टू घे आणि त्यात कमीपणा मानू नकोस. मधे अडकलास तर चुका कुठे झाल्या ते बघू. आकडेमोडीच्या असतील तर थ्री, सिरीज आणि इम्प्रॉपर इंटिग्रल्सच्या असतील तर टू. ॲडव्हायजरला एक गोष्ट आत्ताच विचारून ठेव: थ्रीत बसून झेपलं नाही, तर टूमध्ये कुठल्या तारखेपर्यंत येता येतं?

दिवाळीच्या जेवणात कोणाचा मुलगा कुठल्या कॅल्कमध्ये आहे, याची चर्चा चकलीच्या ताटाभोवती होणारच. ती ऐकून कोर्स ठरवायचा नाही.

रविवारपर्यंत उत्तरपत्रिकेचे फोटो पाठव. गुण मी देईन, आणि आत्या म्हणून एकही वाढवून देणार नाही.

तुझी,
आत्या