‘मी उडून जाईन’: एका गीताची कहाणी



अमेरिकेत अंत्यविधीच्या वेळी फार आवडीने गायले जाणारे ‘आयल फ्लाय अवे’, म्हणजे ‘मी उडून जाईन’, हे गीत आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्याची चाल इतकी आनंदी आहे, की हे मरणाचे गीत आहे हे चटकन ध्यानातही येत नाही.

गीतकार आल्बर्ट ब्रम्ली ओक्लाहोमा राज्यातील शेतकरी कुटुंबातले. 1929 साली वडिलांच्या शेतात कापूस वेचताना ते त्या काळचे एक लोकप्रिय गाणे गुणगुणत होते. त्या गाण्यातला कैदी देवदूताचे पंख मागतो, तुरुंगाच्या भिंतीवरून उडून जाण्यासाठी. ब्रम्लींना वाटले, हे जीवनच तुरुंग मानले तर? 1932 साली आर्कान्सातील हार्टफर्ड म्युझिक कंपनीने ते गीत छापले. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रांत ते बँडवरही वाजू लागले.

इथे आम्ही थोडे अडखळतो. शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, हा विचार प्लेटोचा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तो आम्हाला मोहकही वाटला होता. परंतु दर रविवारी आपण विश्वासांगीकारात मृतांच्या पुनरुत्थानाची आशा व्यक्त करतो. पुनरुत्थित येशू देह टाकून उडून गेला नाही. त्याने शिष्यांना हातपाय दाखवले आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला.

मग हे गीत चुकीचे का? तसे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्याचा तो सुस्कारा आहे. कबुतराचे पंख तर 55व्या स्तोत्रकर्त्यानेही मागितले होते. आपल्याकडेही अंथरुणाला खिळलेली आजी गेली, की शेजारीण डोळे पुसत म्हणते, ‘सुटली बिचारी!’ ती काही प्लेटो वाचून आलेली नसते.

संत पौल तर खरोखरच कैदेत होता. फिलिप्पैकरांना तो लिहितो, की येथून निघून ख्रिस्ताजवळ जाण्याची आपल्याला उत्कंठा आहे; पण तुमच्यासाठी देहात राहणे अधिक गरजेचे आहे. ब्रम्लींच्या गीतात यातला पहिला अर्धाच भाग आहे.

म्हणून कोणी विचारले, तर आम्ही सांगू: दफनविधी आटोपल्यावर कबरस्थानात हे गीत जरूर गावे. मिस्सामध्ये मात्र गायकवृंदाने पुनरुत्थानाचीच गीते निवडावीत.

आपले धर्मगुरू