कोर्स वर्षाचा, तयारी आधीची

भारतातली पदवी घेऊन लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, ‘वर्ष-दीड वर्षात नर्स होता येतं ना?’ येतं. दुसऱ्या शाखेचे पदवीधर १२ ते १८ महिन्यांत बी.एस.एन. ही नर्सिंगची पदवी घेऊ शकतात. मीही तशीच नर्स झाले. पण हा वेग वर्ग सुरू झाल्यानंतरचा. त्याआधीचा पल्ला लांब आहे, त्याचा हिशेब आधी मांडा.

पहिली अडचण पदवीचीच. इथली पदवी चार वर्षांची, आपली बी.एस्सी. बहुधा तीन वर्षांची. काही कॉलेजं ती समकक्ष धरतात, काही धरत नाहीत. एका कॉलेजने मला फोनवर ‘पुढच्या बॅचला या’ म्हणून अनामत भरून घेतली आणि नंतर कळवलं, पदवी नियमात बसत नाही. पैसे बुडाले. म्हणून रुपया असो वा डॉलर, भरण्याआधी ईमेलवर लेखी घ्या: तीन वर्षांची पदवी चालेल का आणि मूल्यमापन कोणत्या संस्थेचं लागेल? ट्रान्सक्रिप्ट बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते. माझ्यासाठी भावाने परीक्षा विभागात खेटे घातले. तुमचंही तिकडे कोणीतरी हवं.

मग पूर्वअट असलेले विषय: अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स. अनेक कॉलेजांना विज्ञानाचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच लागतात. कम्युनिटी कॉलेजात ते स्वस्तात होतात, पण ऑनलाइन लॅब चालते का ते आधी विचारा.

आरोग्याची कागदपत्रंही लवकर काढा. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची टीबीची त्वचा-चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात सुजून लाल झाला आणि मी रात्रभर घाबरून जागी होते. आयजीआरए ही रक्तचाचणी बीसीजीने फसत नाही. तीच मागून घ्या. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात. प्रवेशपत्र आल्यावर धावपळ करून ते उरकत नाहीत.

कॉलेज निवडताना तीन गोष्टी तपासा: सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता, नर्सच्या परवान्यासाठीच्या एनक्लेक्स परीक्षेचा निकाल आणि क्लिनिकल प्रशिक्षण कुठल्या हॉस्पिटलात. पहाटे साडेसहाच्या ड्यूटीसाठी दोन तास गाडी चालवणं रोज निभत नाही. पैशांची सोयही आधी लावा. सरकारची पेल ग्रँट पहिल्याच पदवीसाठी असते, आणि हा कोर्स करताना नोकरी सांभाळणं फार अवघड. एच-४ व्हिसावर शिकता येतं, पण नोकरीला कामाचा परवाना लागतो. तो मिळेल का, हे फी भरण्यापूर्वी वकिलाला विचारा.

या तयारीत एखादं वर्ष गेलं तरी जाऊ द्या. वर्ग सुरू झाले की रात्री फार्माकॉलॉजी आणि पहाटे वॉर्ड, एवढ्यातच जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा अडकलेल्या कागदांचा घोर डोक्याला नको. रुग्णाजवळ उभं राहताना सगळं लक्ष त्याच्याकडेच हवं.