मोगऱ्याला पाने भरपूर, कळ्या मात्र नाहीत

प्रश्न : गच्चीवरील कुंडीतला मोगरा हिरवागार आहे, परंतु उन्हाळ्यातही त्याला कळ्या येत नाहीत. याचे कारण काय?

उत्तर : मोगऱ्याच्या कळ्या प्रामुख्याने त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या शेंड्यांवर धरतात, त्यामुळे जुने, जून झालेले लाकूड तसेच राखलेल्या झुडपात पाने कितीही दाट असली, तरी फूल विरळच राहते. महाराष्ट्राच्या हवामानात थंडी ओसरू लागताना, म्हणजे साधारण जानेवारीच्या अखेरीस, छाटणी करणे इष्ट होय. त्याआधी काही दिवस पाणी तोडून झाडास ताण द्यावा, म्हणजे त्याची वाढ हेतुपूर्वक थांबवावी. नंतर वाळलेल्या व रोगट फांद्या काढून उरलेल्या सुमारे अर्ध्यावर छाटाव्यात, कुजलेले शेणखत घालावे आणि पाणी पुन्हा सुरू करावे. ही छाटणी करताना हात आखडता घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते आणि बहर हुकण्याचे तेच मोठे कारण असते.

दुसरे कारण खताचे. युरियासारख्या नत्रयुक्त, म्हणजे पानांची वाढ करणाऱ्या, खताचा अतिरेक झाल्यास कळीऐवजी पालाच वाढतो. अशा वेळी नत्र थांबवून स्फुरद व पालाश देणारे खत बेताने द्यावे. कुंडीला रोज किमान 5 ते 6 तास थेट ऊन मिळणेही अत्यावश्यक आहे, कारण सावलीतील मोगऱ्यास कोणतेही खत फुलवू शकत नाही.

हंगाम चालू असल्यास जड छाटणी न करता केवळ शेंडे खुडावेत.